आप्पांच्या पेटीत ७३ जुने अंक निघाले, मुखपृष्ठं कापून फ्रेम करू का?

पाचोऱ्याचा_पिंट्या

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, वैतागू नका.

आमचं गावातलं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर यंदा पाडायला काढलंय. पाऊस लागायच्या आत काम उरकायचं म्हणून मागच्या रविवारी सगळी भावंडं जमलो आणि आप्पांची (आमचे आजोबा, प्राथमिक शिक्षक होते, ८८ साली गेले) पत्र्याची पेटी बाहेर काढली. किल्ली कोणाकडेच नाही, कुलूप तोडलं. काकांना वाटलं शेताचे कागद निघतील. वर आप्पांचं धोतर, त्याखाली कडुनिंबाचा पाला पार भुगा झालेला, आणि त्याखाली नुसती मासिकं. मोजली, ७३ भरली. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दीपावली आहेत, रत्नप्रभा आहेत, किर्लोस्कर, स्त्री, मोहिनी, आवाज, चांदोबाचा एक जाडजूड गठ्ठा सुतळीने बांधलेला, आणि एक फिल्मइंडिया, इंग्रजी!! आप्पा आणि फिल्मइंडिया, हे काही अजून आमच्या घरात कोणाला पचलेलं नाही. मुखपृष्ठं अशी आहेत की मी आणि माझी पोरगी दोघं रात्री दोनपर्यंत ओट्यावर बसून बघत होतो. एका दीपावलीवर बाई दिवा घेऊन उभी आहे, फक्त चेहऱ्यावर उजेड आणि बाकी सगळं निळं, खाली चित्रकार दीनानाथ दलालांची सही. आतलं पान उलटायला गेलो तर कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला, तेव्हापासून कशालाच हात लावत नाहीये.

तर आता प्रॉब्लेम असा की रद्दीवाला १४ रुपये किलोने मागतोय, ३८ किलो भरले म्हणजे ५३२ रुपये. बायको म्हणते देऊन टाका, घरात आधीच जागा नाही. दुसरीकडे जळगावच्या एका जुन्या वस्तूवाल्याने फोटो बघून सांगितलं की अंक नको, फक्त मुखपृष्ठं कापून द्या, एकाला २०० देतो. आणि माझ्या मनात आलं की त्याला कशाला, आपणच चांगली दहा-बारा कापून हॉलमध्ये फ्रेम करावी, बाकी पानं तशीही तुटायलाच आलीत. काही अंकांवर साल सापडत नाही, आठ-दहा अंकांवर जांभळा शिक्का आहे कुठल्यातरी वाचनालयाचा, त्यामुळे किंमत कमी होते का तेही माहीत नाही. जाणकारांनी सांगा, कापू का नको?

भुसावळ_अपडाऊन

काय करी राहिला भो!! कैची खाली ठेव आधी.

मी वीस वर्षं हे जमवतोय. भुसावळ, मलकापूर, बऱ्हाणपूर, एकही रद्दीचं दुकान सोडलं नाही, घरचे मला रद्दीवाल्याचा जावई म्हणतात. माझ्याकडे जवळजवळ तीनशे अंक आहेत, त्यातले निम्मे बिनमुखपृष्ठाचे. नुसती सुटी मुखपृष्ठंही पडलीत दीड-दोनशे, कोणीतरी तुझ्यासारख्यानेच कधीतरी कापलेली. त्या सुट्या कागदांचं दुखणं असं की चित्र झकास आहे पण अंक कोणता, साल कोणतं, काही कळत नाही. त्या चित्राच्या मागे काय होतं, आत कोणाची कथा होती, संपादकाने चित्राबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या का, सगळं गेलं. पूर्ण अंक मिळतो तेव्हा गिऱ्हाईक वेगळं असतं आणि भावही वेगळा असतो. तो जो २०० देतोय ना, तो कापायचं पाप तुझ्या हातून करून घेतोय.

आणि एक, मोहिनीच्या गठ्ठ्यात १९५२ चा एक अंक आहे का बघ. शि. द. फडणीसांचं मुखपृष्ठ, एकाच्या अंगावर मांजरांचं डिझाइन आणि दुसऱ्याच्या अंगावर उंदरांचं, एक शब्द नाही आणि सगळं कळतं. तो सापडला तर मला आधी फोन. रद्दीवाल्याला नाही, मला.

धुळ्याची_माई

पिंट्यादादा, मी ३१ वर्षं एका वाचनालयात काढली, आता निवृत्त आहे. तुमचं वाचून मला गप्प बसवेना, कारण मुखपृष्ठं कापायचं काम आम्ही स्वतः केलंय.

झालं असं की वर्षाचे बारा अंक एकत्र बांधायचे तर बाइंडर म्हणायचा ताई, मुखपृष्ठ जाड पडतं, शिलाई नीट बसत नाही, आणि जाहिराती कशाला ठेवायच्या उगाच. मग आम्ही मुखपृष्ठं आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानं काढून टाकायचो. किती वर्षं! मजकूर राहिला, चित्रं गेली. आज बऱ्याच वाचनालयांत जुन्या मासिकांचे बांधीव खंड मिळतात पण त्यात चेहरेच नसतात. म्हणून घरातल्या पेट्यांमधून असं काही निघालं की ते सोनं. तुमच्या आप्पांनी जे केलं ते आम्ही पगार घेऊनही केलं नाही.

आता साल कसं काढायचं ते सांगते. दिवाळी अंकाची किंमत बहुतेक गोल रुपयात असते, त्यावरून कळत नाही, म्हणून आतल्या जाहिराती बघा. साबण, हिंग, केसाचं तेल, किंमत आण्यात असेल तर अंक १९५७ च्या आधीचा धरायचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. "न. पै." म्हणजे नये पैसे असं दिसलं तर ५७ ते ६४ च्या मधला, ६४ नंतर नुसते पैसे झाले. पण जुनी सवय सुटत नाही, ५७ नंतरही काही जण आणे छापत राहिले, तेव्हा एका जाहिरातीवर विसंबू नका, चार-पाच बघा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. नुसतं "मुंबई ४" असं असेल तर जुना. "मुंबई राज्य" लिहिलेलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशकाची ओळ असते, ती तेव्हा कायद्याने छापावीच लागायची, १८६७ चा कायदा होता, तिथे बहुतेक वेळा सगळं सापडतं. आणि शके असेल तर ७८ मिळवा.

शिक्क्यावर काय लिहिलंय नीट वाचता येतं का?

पाचोऱ्याचा_पिंट्या

माई, खूप खूप धन्यवाद. शिक्का लांबट गोल आहे, "सार्वजनिक वाचनालय" स्पष्ट, गावाचं नाव फुसकटलंय, पण खाली "जि. पू. खा." असं आहे. हे पू. खा. काय प्रकरण?

भुसावळ_अपडाऊन

पूर्व खानदेश रे बापा! शाळेत झोपला होता काय?

धुळ्याची_माई

रागावू नका त्याला. १९०६ ला इंग्रजांनी खानदेशाचे दोन जिल्हे केले, पूर्व आणि पश्चिम. महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिमचा धुळे. नंदुरबार तर अगदी अलीकडे, १९९८ ला वेगळं झालं. त्यामुळे पू. खा. शिक्का बघून लोक लगेच म्हणतात साठच्या आधीचा अंक. पण मी तुम्हाला घरचं सांगते, नवा शिक्का करायला पैसे मंजूर व्हायला आमच्याकडे कित्येक वर्षं गेली, तोवर प. खा. चाच शिक्का चालू होता, शाई संपली की त्याच पॅडवर थोडं पाणी शिंपडायचं. तेव्हा शिक्क्यावरून शिक्का जुना आहे एवढंच कळतं.

शिक्क्याने किंमत कमी होते असं विकणारे म्हणतात. मला तर तो अंकाचा प्रवास वाटतो. आता आप्पांनी तो अंक परत का केला नाही, हा प्रश्न मी विचारत नाही 😀

हॉलची_भिंत

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून उलट बोलतो. पेटीत ३५-४० वर्षं पडून होते, कोणी बघितलं? कोणीच नाही. दलाल काय, मुळगावकर काय, ही चित्रं लोकांच्या डोळ्यासमोर असायला काढलेली होती, पानाच्या ठेल्याच्या, सलूनच्या भिंतीवर लागलेली होती. मुळगावकरांचे देव तर कॅलेंडरवरून घराघरांत गेले, माझ्या मामाच्या देवघरात अजून एक लक्ष्मी आहे, साल फाडलेलं, नुसतं चित्र, आणि तिला रोज हळदकुंकू. कोणी कापलं म्हणून रडलं नाही. बारा फ्रेम लावल्या तर निदान पोरीच्या मैत्रिणी विचारतील हे काय आहे म्हणून. ७३ अंक कडक प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवले तर पुन्हा पेटीच झाली की!

ट्रेडल_मशीन

वरच्या भाऊंचं अर्धं पटलं. भिंतीवर लावायलाच पाहिजे, पण अस्सल कशाला? हाय रिझोल्यूशन स्कॅन कर, चांगल्या मॅट कागदावर प्रिंट काढ, फ्रेममध्ये ते. आपल्याकडच्या उन्हात भिंतीवरचा अस्सल कागद दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, आधी लाल आणि पिवळा उडतो, निळा तेवढा राहतो. तुझ्या दिव्यावाल्या बाईच्या चेहऱ्यावरचाच उजेड जाईल.

माझ्या वडलांचा चाळीसगावला छापखाना होता, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं वगैरे, म्हणून थोडं छपाईचं सांगतो. ती मुखपृष्ठं ब्लॉकवर छापलेली. मूळ चित्राचे ब्लॉकमेकर रंग वेगळे करायचा, पिवळ्याचा एक ब्लॉक, लालचा एक, निळ्याचा एक, बऱ्याचदा काळ्याचा चौथा, आणि तोच कागद मशीनमधून तीनदा-चारदा काढायचा. एकदा जरी कागद केसभर सरकला की रंग सरकला. तुझ्या एखाद्या अंकावर बाईची लाली ओठ सोडून हनुवटीकडे गेलेली दिसेल, कपाळावरचं कुंकू दुहेरी दिसेल. लोक म्हणतात खराब प्रत. मला विचारशील तर तीच बघायला मजा येते, मशीनवरच्या माणसाची त्या दिवशीची चूक तिथे पक्की झालेली असते. भिंग धर, ठिपके ठिपके दिसतील. आजकाल जुनं म्हणून घरच्या प्रिंटरवर काढलेले कागदही विकतात, त्याच्यात हे ओळीत बसलेले ठिपके नसतात, नुसता फवारा असतो.

आता जपायचं कसं. सेलोटेप लावायचा नाही, कधीच नाही, पाच वर्षांत पिवळा डाग आणि निघताना चित्र घेऊन निघतो. लॅमिनेशन तर विचारूच नको. गंजलेल्या पिना मागून पाय सरळ करून हळू काढ, ओढू नको, आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने दोन टाके घाल. प्लॅस्टिक म्हणशील तर शर्टाच्या बॉक्समधे असते ना ती खुळखुळणारी कडक पिशवी, ती चालते. मऊ, चिकट, वास येणारं प्लॅस्टिक नको, त्याला शाई चिकटते. आडवे ठेव, उभे नको. एकावर एक दहाच्या वर नको. कागद तुटतो कारण तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्तातला कागद, त्यातलं आम्ल त्यालाच खातं, उष्णतेने ते काम अजून जोरात होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा. म्हणून धाब्याच्या घरात टिकले तुझे अंक, सिमेंटच्या स्लॅबखाली इतके टिकले नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कूलरच्या खोलीत ठेवू नको. खानदेशात ही चूक सगळे करतात. गार वाटतं म्हणून तिथे ठेवतात आणि कूलर दिवसभर पाण्याची हवा सोडतो, जूनपर्यंत बुरशी.

पाचोऱ्याचा_पिंट्या

अंक सध्या कूलरच्याच खोलीत आहेत 🤦 आत्ताच उचलतो.

पाचोऱ्याचा_पिंट्या

उचलले. आता एक वेगळंच सापडलं ते विचारतो. आवाजचे पाच अंक आहेत. आवाजमधे ती खिडकी असते ना, पानाला चौकोन कापलेला, त्यातून बाईचा नुसता खांदा नाहीतर पाय दिसतो, माणूस भलतंच काहीतरी समजतो आणि पान उलटलं की निघतं काही वेगळंच. तर आमच्या पाचही अंकांतल्या सगळ्या खिडक्या बंद आहेत!! मागचं-पुढचं पान एकमेकाला चिकटवून टाकलंय. आईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. म्हणे तुझ्या आजीने चिकटवल्या, घरात सुना-लेकी आहेत, हे उघडं कसं ठेवायचं. गव्हाच्या पिठाची खळ करून. आणि आप्पा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या वर्षी पुन्हा आवाज आणला. आजीने पुन्हा खळ केली. असं पाच वर्षं चाललं.

आता त्या जागी बारीक बारीक भोकं पडलीत, चांदीसारखा चकचकीत किडा पळताना दिसला. पानं सोडवता येतील का?

ट्रेडल_मशीन

हाहाहा, आजी भारी!! तो किडा म्हणजे कसर. तिला पिठाची खळ म्हणजे पुरणपोळी. बाइंडर लोक खळीत मोरचूद टाकायचे ते याच्यासाठीच, आजीची खळ घरची, मोरचुदाशिवायची, म्हणून कसरीने बरोब्बर खिडक्याच शोधून काढल्या. ते पाच अंक आधी बाकीच्यांपासून लांब ठेव. दोन पिशव्यांत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच बाहेर राहू दे, नाहीतर पाणी सुटतं. डांबर गोळ्या नको, वास जात नाही आणि पोरगी वाचणार आहे ते.

खळ ओलाव्याने सुटते, पण जुन्या कागदावर शाई पसरायची भीती आहे. एका कोपऱ्यावर ओल्या टीपकागदाचा तुकडा पाच मिनिटं ठेवून बघ. शाई उतरली तर नाद सोड. खरं सांगू का, मी असतो तर चार तशाच ठेवल्या असत्या. खिडकीचा आवाज पुष्कळांकडे असेल, आजीने बंद केलेला कोणाकडे आहे?

अमळनेर_टेकडी

छापील सोडून पेटीत हाताने लिहिलेलं काही आहे का? शिक्षक होते म्हणून विचारतो. आपल्या भागात शाळेच्या हस्तलिखितांची जुनी चाल आहे. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात होते तेव्हा मुलांसाठी "छात्रालय" नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे, नंतर "विद्यार्थी" मासिक काढलं. हस्तलिखितांची मुखपृष्ठं ड्रॉइंगचे सर रंगवायचे आणि बऱ्याच वेळा दलालांची किंवा किर्लोस्करवरची चित्रं बघून. आमच्या सरांनी आयुष्यात मुंबई बघितली नव्हती, सगळी चित्रकला मुखपृष्ठांवरून शिकले.

पाचोऱ्याचा_पिंट्या

आहे!! मी ते ७३ मध्ये धरलंच नव्हतं. वहीसारखं, दोऱ्याने बांधलेलं, मुखपृष्ठ वॉटरकलरमध्ये. आत्ता शेजारी ठेवून बघितलं तर काय, तीच दिव्यावाली बाई! पण हस्तलिखितातली बाई नऊवारीत आहे, डोक्यावर पदर आणि मागे दगडी देऊळ न काढता कपाशीचं शेत काढलंय. बोटं नीट जमली नाहीत म्हणून हात पदराखाली लपवलाय. सही नाही.

भुसावळ_अपडाऊन

हे मोहिनी ५२ पेक्षा भारी आहे, लिहून ठेव. विकायचं नाही.

वकील_जळगाव

मध्येच तोंड घालतो. तो जुन्या वस्तूवाला मुखपृष्ठं घेऊन करणार काय हे विचारलं का? हल्ली अशा चित्रांचे मग, टी-शर्ट, पोस्टर निघतात. अंक तुमचा आहे, विका नाहीतर ठेवा. पण चित्राचे हक्क अंकाबरोबर येत नाहीत. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. घरात एक प्रिंट फ्रेम करायला कोणी येत नाही, पण छापून विकायला लागलात तर वारसांची परवानगी लागेल.

चांदोबा_लहानपणीचा

चांदोबाचं कोणीच काही बोललं नाही म्हणून आलो. मराठी चांदोबा १९५२ पासून निघाला, मद्रासहून यायचा, तुमच्या गठ्ठ्यात सुरुवातीचे असतील तर सुतळी आधी सोडा, ती कडा कापते. वपा (चित्रकार वड्डादी पापय्या) यांची मुखपृष्ठं आणि आत शंकर यांचं ते विक्रम-वेताळाचं चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार. मी त्याला घाबरून अंक गादीखाली ठेवायचो आणि मग गादीवर झोपायला घाबरायचो. पोरीला वाचायला किशोरचे जुने अंक हवे असतील तर बालभारतीने ते इंटरनेटवर टाकलेत, म्हणजे अस्सल चांदोबाला तिचे चिवड्याचे हात लागणार नाहीत.

पाचोऱ्याचा_पिंट्या

सगळ्यांचे आभार. कैची आईने शिवणाच्या डब्यात परत ठेवली. पाच मुखपृष्ठं स्कॅनला दिलीत, सहावं ते हस्तलिखिताचं. २०० वाल्याला नाही सांगितलं, तर तो लगेच ३५० वर आला, म्हणजे माई आणि अपडाऊन भाऊ बरोबर होते. मोहिनी ५२ नाही सापडला, ५४ आहे.

आवाजचे अंक फ्रीझरमध्ये टाकलेत, शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या. त्याने विचारलं काय आहे, मी म्हटलं आजीच्या खिडक्या. आणि बाकीचे अंक कूलरच्या खोलीतून काढून आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलेत, तिथे कूलर लावायचा नाही असं ठरवलंय, बायको विचारी राहिली आहे की या ४४ डिग्रीत आपण झोपायचं कुठे.

भुसावळ_अपडाऊन

धाब्यावर.

पाचोऱ्याचा_पिंट्या

धाबं सोमवारी पाडलं भो.